बोटभर वर

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एसटीत. तेव्हा ते सर आहेत हे मला ठाऊक नव्हतं. बारामतीचा बाजार करून आई आणि मी सणसरला परत निघालो होतो. गाडी इंदापूरची, गच्च भरलेली. पिशव्या मांडीवर घेऊन आम्ही दोघी दाराजवळच्या बाकावर बसलो होतो. पुढच्या बाकाशी एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गाडी स्टँडातून बाहेर पडली तसा त्यानं खिशातून गवंड्याचा ओळंबा काढला, त्याची दोरी वरच्या दांडीला बांधली आणि त्या लोंबत्या लोखंडाकडं टक लावून बघत राहिला.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "गवंडी असंल. पण गाडीत कसली भित बांधतोय?"

कंडक्टर तिकिटं फाडत तिथवर आला. "ओ पाव्हणं, ह्ये काय बांधलंय?"

"ओळंबा."

"त्ये दिसतंय मला. कुणाच्या टकुऱ्यात बसला म्हंजी?"

"न्हाय बसणार. तुमी एक सांगा. आता फुडं गाडी डावीकडं वळंल. तवा ह्यो कुठं जाईल?"

कंडक्टरला पुढं जायचं होतं. पण त्याची नजर ओळंब्यावर गेली आणि तिथंच राहिली. "डावीकडंच की. गाडीसंगं."

गाडी वळली. ओळंबा उजवीकडं गेला.

"आता गं!" कंडक्टर म्हणाला.

बाकावरच्या एका पटकेवाल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. "फुडच्या वळणाचं मी सांगतो." त्यानं सांगितलं आणि ते बरोबर आलं. मग मागच्या बाकावरची दोन कॉलेजची पोरं सरकली. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. रस्त्यात म्हैस आडवी आली म्हणून त्यानं कचकन ब्रेक मारला, तेव्हा ओळंबा पुढं झेपावला आणि म्हाताऱ्याच्या पटक्याला चाटून गेला.

"बघा," तो माणूस सगळ्यांना म्हणाला, "गाडी थांबली. पर ह्याला कुणी सांगितलंच न्हाय. ह्यो आपला मघाच्याच जोरात निघालाय."

लोक हसले. पुढं सरळ रस्ता लागला. ओळंबा हळूहळू गप झाला आणि सरळ रेषेत लोंबत राहिला. तो माणूस एकदम हळू आवाजात म्हणाला, "आता ह्येच्याकडं बघून सांगा. गाडी पळतीय का हुबी हाय?"

काहींनी डोळे मिटून पाहिलं. आईनंही मिटले. मग उघडून म्हणाली, "खडखड व्हतीय की."

"खडखड सोडून," तो माणूस गंभीरपणे म्हणाला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, आणि नववीच्या वर्गात भौतिकशास्त्राच्या तासाला तोच माणूस दुमडलेल्या बाह्यांनी आत आला.

सर इंदापूर तालुक्यातल्याच एका वाडीचे. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. बापानं मेंढरं विकून शेती धरली आणि पोराला शिकवलं. सरांचं बोलणं मात्र दोन ठिकाणचं होतं. फळ्याकडं तोंड असलं की पुस्तकी मराठी, आणि एखाद्या गोष्टीत जीव रमला की सरळ वाडीवरची. त्यामुळं ते कधी नुसतं शिकवतायत आणि कधी खरोखर रंगलेत, हे आम्हाला आवाजावरूनच कळायचं.

त्यांच्या वर्गात एक नियम होता. कुठलाही प्रयोग करण्याआधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा. सर तो फळ्यावर लिहायचे, समोर नाव लिहायचे. अंदाज चुकला तर काही नाही. बरोबर आला तरी शाबासकी नाही. पण "मला माहीत नाही" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "माहीत न्हाय म्हणूनच तर अंदाज इचारतोय," म्हणायचे. "माहीत असतं तर प्रयोग कशाला केला असता?"

एकदा ते वाण्याच्या दुकानातला तराजू उचलून घेऊन आले. वाणीही मागोमाग आला, कारण तराजूवाचून दुकान चालेना. सरांनी एका पारड्यात पाण्याचा तांब्या ठेवला, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून काटा मधोमध आणला. मग विचारलं, "मी ह्या पाण्यात बोट बुडवणार. तांब्याला कुठं शिवणार नाही. बुडाला नाही, कडेला नाही. पारडं हलेल का?"

वर्गाचे दोन तट पडले. बहुतेकांचं मत, शिवलंच नाही तर कशाला हलेल. त्याच वेळी हेडमास्तर फेरीवर आले. सरांनी त्यांनाही सोडलं नाही. हेडमास्तर हसले आणि जड आवाजात म्हणाले, "नाही हलणार." सरांनी फळ्यावर लिहिलं, हेडमास्तर, नाही. वाण्याचंही नाव लिहिलं. वाण्यानं आयुष्य तराजूपुढं काढलेलं. तोही म्हणाला, नाही.

सरांनी बोट बुडवलं. तांब्याचं पारडं सावकाश खाली गेलं. बोट काढलं, वर आलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा खाली.

वर्गात असा गोंधळ उडाला की शेजारचा आठवीचा वर्ग दारात येऊन उभा राहिला. सर हात वर करून म्हणाले, "पाणी माझ्या बोटाला वर ढकलतंय. विहिरीत पोहताना तुमाला ढकलतं तसंच. मग माझं बोट काय गप बसंल? त्ये पाण्याला खाली ढकलणार. जेवढ्यास तेवढं." न्यूटनचा तिसरा नियम आम्ही त्या दिवशी शिकलो. पुस्तकातलं वाक्य दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. हेडमास्तर पुढच्या फेरीला निघून गेले. पण मधल्या सुट्टीत पाणी प्यायला ऑफिसच्या खिडकीजवळून गेलो, तेव्हा ते टेबलावरच्या पोस्टाच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून त्यात स्वतःचं बोट बुडवत होते.

सरांना गावात "बघू मास्तर" म्हणायचे. कारण काहीही सांगा, त्यांचं उत्तर "बघू की". चहाच्या टपरीवर ते दूध आणि काळा चहा वेगवेगळा मागायचे. एका कपात दूध लगेच घालायचे, दुसऱ्यात बऱ्याच वेळानं, आणि कुठला जास्त गरम राहिला ते चाखून बघायचे. टपरीवाला वैतागला होता. "दोन कप घेता, दोन्ही गार करून पिता," तो म्हणायचा. लग्नाच्या मांडवात सर दिसले की लोक पोरांना आवरायचे, कारण नवरदेव येईपर्यंत ते पोरं गोळा करून मांडवाचा खांब तिरपा केला तर कनात कुठल्या बाजूला झुकेल याचे अंदाज घ्यायला लागायचे.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू शांत, हसऱ्या. त्यांना बघायला सर आले त्या दिवसाची गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. वडीलधारे पोहे खात बसलेले. मुलीला काही विचारा, असं सगळ्यांनी दोनदा सुचवलं. सरांचं लक्ष ओसरीवरच्या झोपाळ्याकडं. शेवटी विचारलं, "झोपाळ्यावर एक माणूस बसला आणि दोघं बसले, तर दोघांचा झोका सावकाश जाईल का?"

"सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले," काकू सांगायच्या. "आमचे आबा तर उठायच्या बेतात. मी म्हणलं, बसून बघावं लागंल. एवढंच बोलले. ह्यांनी लगेच घरच्यांना सांगितलं, मला पसंत आहे."

"मग बसून बघितलं का?" आम्ही विचारायचो.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. सगळा पाव्हणा बघतोय आणि आम्ही दोघं झोके घेतोय. फरक पडत नाही. झोका तेवढाच वेळ घेतो."

मी बारावीत असताना सरांची बदली झाली. नंतर ते निवृत्त होऊन वाडीवर राहायला गेल्याचं कळलं. मी लग्न होऊन पणदऱ्याला आले, म्हशी आणि डेअरीच्या धबडग्यात पडले. एकदा बारामतीच्या स्टँडवर ते मला दिसले होते. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभे राहून चरकाच्या दातेरी चाकांकडं बघत होते. मी पाया पडले. त्यांनी मला ओळखलं आणि आशीर्वाद द्यायच्या आधी विचारलं, "ह्यातलं बारकं चाक जास्त फेरे घेतंय का मोठं? अंदाज सांग." मी सांगितला. रसवाल्याला कंटाळा येईपर्यंत आम्ही तिथं उभे होतो.

सगळंच काही गोड नव्हतं. सरांचं पुस्तक कधीच वेळेवर संपायचं नाही. एकच धडा महिनाभर चालायचा आणि मग पुढचे चार धडे एका आठवड्यात उरकायचे. दहावीच्या पालकांनी हेडमास्तरांकडं तक्रार केली होती. निकाल वाईट लागायचा नाही, पण फार चांगलाही नाही. आणि सर चिडायचे. मारायचे नाहीत, पण चिडले की दिवसभर बोलायचे नाहीत. माझ्या बाकावरची एक मुलगी लोलकाचा प्रयोग न करताच गाइडमधली उत्तरं उतरवून बसली. आमची सगळ्यांची उत्तरं वेडीवाकडी, हिची पुस्तकाशी तंतोतंत. सरांनी तिची पानं उलटून पाहिली. "तुला ह्ये दिसलं?" विचारलं. ती खाली बघत राहिली. सर बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले ते तास संपेपर्यंत. आम्हाला वाटलं रागावलेत. ते रडवेले झाले होते.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण तिच्यात मला सर खरे समजले.

माझ्या वडलांना सगळे तात्या म्हणायचे, आम्हीही. आमचा ऊस होता, विहीर होती, विहिरीवर मोटार होती. पण वीज यायची ती तिच्या मर्जीनं. आली म्हणून धावत जावं तर वाटेतच गेलेली. ह्या जाचातून तात्यांच्या डोक्यात एक गोष्ट शिरली. वजनं लावलेलं असं चाक करायचं की एकदा हातानं फिरवलं की थांबायचंच नाही. त्या चाकावर पंप चालवायचा. ना वीज, ना डिझेल, ना कुणाची मिनतवारी.

गोठ्याशेजारच्या छपरात त्यांनी बैलगाडीचं जुनं चाक आडव्या लाटेवर, म्हणजे लाकडी आसावर, बसवलं. चाकाच्या कडेला बिजागऱ्यांवर लोखंडी दांडके लावले, दांडक्यांच्या टोकाला वजनं. एका बाजूला आली की वजनं लांब पसरायची, दुसऱ्या बाजूला गेली की दुमडायची. तात्यांचं म्हणणं सरळ होतं. लांबचं वजन जास्त ओढतं. मग ती बाजू कायम जड. मग चाक कायम फिरणार. ऐकायला इतकं पटायचं की आम्हाला आधी खरंच वाटलं होतं. चाक फिरायचंही. खडखडत काही फेरे घ्यायचं आणि थांबायचं. तात्या म्हणायचे, "जरा कसर हाय."

त्या जरा कसरीपायी हिवाळा गेला. तात्या सकाळी छपरात शिरायचे ते जेवायलाच बाहेर. उसाला पाणी आई धरायची, आणि आईला एकटीला आवरेना म्हणून मी. माझी शाळा आधी अधूनमधून बुडाली, मग रोजच बुडायला लागली. आई म्हणाली, नववी झाली की पुरे. वर तात्यांनी चावडीवर जाहीर करून टाकलं की पाडव्याला सगळ्या गावानं यावं, नारळ फोडून चाक सुरू करणार आहे. आमच्या भावकीतल्या एका काकानं ते वाक्य गावभर नेलं. आई पाणवठ्यावर गेली की बायका विचारायच्या, "काय म्हणतंय चाक?" आई घरी येऊन रडायची. मी माहेरी निघून जाते, असं तिनं एकदा भांडणात सांगितलं, आणि तात्या तसेच उठून छपरात गेले. ते मला फार लागलं होतं.

अशात एका संध्याकाळी सर सायकलवर आले. मी शाळेत का येत नाही, हे विचारायला. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "तुमी सायन्सचं मास्तर हाय. तुमचं ऐकतील. एकदा सांगा ह्येस्नी की असलं काय नसतंय."

"बघू की," सर म्हणाले आणि छपरात गेले.

आई आणि मी ओसरीवर वाट बघत बसलो. आतून आधी बोलणं ऐकू आलं, मग चाकाची खडखड, मग परत बोलणं, मग दोघांचं हसणं. आईनं चुलीवर चहा ठेवला, तो उकळून आटला. शेवटी सर बाहेर आले. हाताला ग्रीस, शर्टाला ग्रीस, कपाळावरसुद्धा. सायकलीवर टांग टाकत म्हणाले, "वैनी, उद्या येतो परत."

आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग मला म्हणाली, "एक येडं व्हतं. आता दोन झाली."

दुसऱ्या दिवशी सरांनी छपराच्या भिंतीवर गेरूनं एक आडवी रेघ मारली. एका दांडक्यावर बाकीच्यांपेक्षा जास्त वजन बांधलं आणि त्याला लाल चिंधी लावली. मग तात्यांना म्हणाले, "तात्या, ह्ये लाल वजन रेघंला टेकवून सोडायचं. ढकलायचं न्हाय, नुसतं सोडायचं. खालनं जाऊन पलीकडनं वर कुठवर येतंय ते बघायचं. रेघंच्या बोटभर जरी वर गेलं, तरी काम झालं. दर खेपंला बोटभर वाढत गेलं तर चाक थांबणारच न्हाय."

तात्यांना हे एकदम पटलं. "बोटभरच पायजे? मग काय अवघड हाय."

त्यांनी सोडलं. वजन खाली गेलं, पलीकडून वर चढलं आणि रेघेच्या वीतभर खालूनच मागं फिरलं.

"लाट घासतीय," तात्या म्हणाले.

"मग लाट बघू."

आणि दोघं रोज तेच करायला लागले. सरांनी एक अट घातली होती. "मी शाळा सुटल्यावरच येणार. तोवर चाकाला हात लावायचा न्हाय. माझ्यामागं तुमी बघितलं आणि मला दिसलं न्हाय, तर मला झोप लागायची न्हाय." मग दिवसभर करायचं काय म्हणून तात्या रानात जायला लागले. उसाला पाणी त्यांच्या हातचं मिळायला लागलं. मी परत शाळेत जाऊ लागले. आईच्या हे लक्षात यायला थोडे दिवस गेले. पण राग तिचा गेला नव्हता. एकदा तिनं सरांना अंगणातच गाठलं. "तुमी शिकलेलं माणूस. तुमास्नी ठावं न्हाय व्हय, ह्ये व्हणार का न्हाय त्ये?"

सर सायकल धरून उभे राहिले. म्हणाले, "वैनी, मी न्हाय म्हणलो तर त्यो नकार माझा झाला. तात्यांच्या मनातलं तसंच राहील. त्येंचं त्येंनी म्हणू द्या."

"आन पाडवा आला म्हंजी? गाव हसंल त्याचं काय?"

सर खाली मान घालून छपरात गेले.

दोघांनी लाट तासून गुळगुळीत केली. वजन रेघेच्या थोडं जवळ आलं. ग्रीस बदललं, आणखी जवळ आलं. दांडके आपटून आवाज होतो तिथं रबर लावलं. माझा मामा वालचंदनगरच्या वसाहतीत राहायचा. त्यानं एका जुन्या मोटारीतली दोन बेअरिंगं आणून दिली. ती बसवली त्या दिवशी मीही छपरात होते. तात्यांनी वजन रेघेला टेकवलं आणि सोडलं. चाकाचा आवाजसुद्धा आला नाही. लाल चिंधी खाली गेली, पलीकडून वर चढली, चढत चढत रेघेपाशी आली. तात्या पुढं वाकले. सरांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. चिंधी रेघेच्या अगदी खाली, सुतभर खाली थांबली आणि मागं फिरली.

तात्यांनी परत सोडलं. परत तेच. मग दांडके दुमडून, मग पसरून, मग उलट्या बाजूनं. शेवटी ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि हेलकावे घेणाऱ्या चाकाकडं बघत राहिले.

"सर," ते म्हणाले, "ह्ये रेघ वलांडणार न्हाय."

"का?" सरांनी विचारलं. आवाज वर्गातलाच.

"जेवढं खाली पडलं, तेवढ्याच जिवावर वर चढतंय. माझ्या हातानं रेघंपत्तोर नेलं, तेवढीच त्येची शिदोरी. जादा आणणार कुठनं? वजनं हिकडं पसरा न्हायतर तिकडं दुमडा, शिदोरी तीच."

"मग सुतभर कमी का पडतंय?"

"वाटंत घासटून जातंय की."

"जातंय त्ये जातंय कुठं?"

तात्या उठले. बेअरिंगं बसवायच्या आधी त्यांनी त्या लाटेवर चाक किती फिरवलं होतं, त्यांनाच माहीत. ते म्हणाले, "लाकडी लाट व्हती तवा हात लावला की कोमट लागायची. म्या म्हणायचो, उन्हानं. पर छपरात ऊन कुठलं? त्येच त्ये. थोडं ऊब व्हऊन जातंय."

दहावीच्या पुस्तकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे. पुढच्या वर्षी सरांनी तो आम्हाला शिकवला, तेव्हा मला वाक्य पाठ करावं लागलं नाही. त्या दिवशी मात्र सरांनी नियमाचं नावही घेतलं नाही. तात्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. दोघं अंधार पडेपर्यंत तसेच बसून होते.

पाडवा आला. आई म्हणाली, "अंग दुखतंय म्हणून सांगा आन निजून ऱ्हावा." तात्या म्हणाले, "बोलावलंय तर दाखवणार." गुढी उभारून झाल्यावर माणसं यायला लागली. छपरापुढं दाटी झाली. तो भावकीतला काका पुढंच. सर शर्टाच्या बाह्या दुमडून एका कडेला उभे होते आणि मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तात्यांनी नारळ फोडला. मग डोक्यावरची टोपी नीट करून म्हणाले, "मंडळी, ह्ये चाक कायम फिरत न्हाय."

हशा पिकला. काका ओरडला, "मग नारळ कशाला फोडला? वाळकं खोबरं करायला?"

"का फिरत न्हाय त्ये दावायला. तू ये हितं. ह्ये लाल वजन रेघंला टेकव आन सोड. रेघंच्या वर घालून दाखव. ढकलायचं न्हाय."

काका हसत पुढं आला. सोडलं. वजन रेघेच्या खालून परतलं. त्यानं पुन्हा सोडलं, आणि जाता जाता हळूच रेटा दिला. "ढकललं, ढकललं!" सगळी पोरं ओरडली. काका तिसऱ्यांदा आला, आता हसत नव्हता. त्याच्यामागं गावचा पैलवान आला. मग सोसायटीचा चेअरमन. कुणी म्हणालं वजन वाढवा, वाढवलं. कुणी म्हणालं कमी करा, कमी केलं. एका म्हातारबाबांनी सुचवलं की उगवतीकडून सोडा, तसं चाक उगवतीकडून फिरवलं. माणसं एकमेकांशी हुज्जत घालायला लागली, अंदाज सांगायला लागली, पैजा लागल्या. सर गर्दीत शिरून प्रत्येकाला विचारत होते, "तुमाला काय वाटतं? का वाटतं?" जेवायची वेळ टळली तरी कुणी हलेना.

शेवटी आई आली. हाताला पुरणपोळीचं पीठ. गर्दी बाजूला झाली. तिनं लाल वजन रेघेला टेकवलं, सोडलं आणि मान लांब करून बघितलं. वजन वर आलं, थांबलं, मागं फिरलं. आई तात्यांकडं वळून म्हणाली, "ह्येच्यापायी व्हय सगळं?"

"व्हय," तात्या म्हणाले.

ती तिथून लगेच गेली नाही. आणखी दोघांनी सोडलेलं उभं राहून बघितलं.

लोक नंतर हसलेच नाहीत असं नाही. तात्यांना गावात पुष्कळ वर्षं "चाकवाले" म्हणायचे. पण म्हणणारा प्रत्येक जण ते चाक स्वतःच्या हातानं सोडून गेलेला होता, त्यामुळं त्या हसण्यात दात नव्हते.

गर्दी पांगल्यावर आईनं सरांना जेवायला थांबवून घेतलं. ओसरीवर तात्या आणि सर समोरासमोर बसले. दोन पोळ्या झाल्यावर तात्यांनी विचारलं, "सर, खरं सांगा. तुमास्नी पहिल्या दिवशीच ठावं व्हतं."

"व्हय," सर म्हणाले.

"मग माझ्या मनातनं काढायसाठी एवढं दिस सायकल हाणत आला?"

सरांनी घास ताटात परत ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"तेवढ्यासाठीच न्हाय, तात्या. पुस्तकात न्हाय म्हणलंय, मी बी वर्गात न्हाय म्हणूनच शिकवतो. पर रोज शाळा सुटली की वाटायचं, आज जातंय का काय बोटभर वर. बेअरिंगं बसवली त्या दिशी तर मला रात्री झोपच न्हाय आली. म्हणलं, गेलं आन मी तितं नसलो तर?"

तात्या त्यांच्याकडं बघत राहिले. मग इतके मोठ्यानं हसले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

आई चुलीपुढून तुपाची वाटी घेऊन आली. सरांच्या पोळीवर तूप वाढता वाढता म्हणाली, "मग सोडताय कशाला मधीच? उद्या या की. माझं लक्ष हाय त्या खालच्या बिजागरीवर, ती लई घासतीय."